तुतारी वाजल्यावर गुपित कसलं?

२०२५ च्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेतल्या जोशुआ म्हलाकेला नावाच्या माणसाने सांगितलं की २३-२४ तारखेला रॅप्चर होणार, म्हणजे प्रभू येशू येऊन आपल्या विश्वासणाऱ्यांना पृथ्वीवरून उचलून नेणार, आणि हे खुद्द प्रभूनेच आपल्याला स्वप्नात सांगितलंय. तो व्हिडिओ जगभर फिरला. आपल्याकडे टिकटॉक बंद असलं तरी रील्समधून, व्हॉट्सॲपवरून मराठी प्रार्थना ग्रुपांमध्येही तो आलाच. नोकरी सोडली, गाडी विकली असं सांगत लोक कॅमेऱ्यासमोर रडत होते. मग २५ तारीख उजाडली, कोणी कुठे गेलं नाही, आणि बहुतेक पास्टरांनी दोन वाक्यांत विषय मिटवला, की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, तारीख सांगणारा चुकला. तुम्ही मात्र तयार राहा, रॅप्चर कधीही होऊ शकतं.

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. तारीख चुकली हे सगळ्यांनाच मान्य आहे. पण त्या तारखेला जे घडणार म्हणत होते ते तरी पवित्र शास्त्रात आहे का, हे विचारायला कोणी तयार नाही, आणि विचारलं की लगेच "सिस्टर, तुमचा दुसऱ्या येण्यावर विश्वास नाही का" असा उलटा प्रश्न येतो. माझा आहे, पूर्ण आहे. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो पुन्हा येणार हे मी दर रविवारी मंडळीबरोबर उभी राहून म्हणते आणि मनापासून म्हणते. म्हणूनच त्या येण्याचे कोणी दोन तुकडे केले, त्यातला एक गुपचूप आणि एक उघड असं ठरवलं, की मला गप्प बसवत नाही.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या शिकवणीप्रमाणे प्रभू आधी अंतराळापर्यंतच येतो, जगाला पत्ताही लागत नाही, आणि खरे विश्वासणारे एका क्षणात नाहीसे होतात. स्टेअरिंगवरचा ड्रायव्हर गायब, शेजारच्या पलंगावरचा नवरा गायब, पाळण्यातलं बाळ गायब. मग सात वर्षं मागे राहिलेल्या जगावर महासंकट येतं, ख्रिस्तविरोधकाचं राज्य येतं, आणि ती सात वर्षं संपली की प्रभू उघडपणे सगळ्यांना दिसेल असा येतो. कन्व्हेन्शनमध्ये स्टेजच्या मागे कापडावर छापलेला लांबलचक चार्ट लावतात ना, बाण, ढग, घोडे, सात वर्षांची पट्टी, ती हीच शिकवण. लहानपणापासून तो चार्ट इतक्यांदा बघितलेला असतो की तो बायबलमध्येच छापलाय असं वाटायला लागतं.

आता ज्या शास्त्रभागावर हे सगळं उभं आहे तो बघू, थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय. आमच्याकडे दफनाच्या वेळी पाळक बहुतेकदा हाच भाग वाचतात. पेटी खाली उतरते, दोर वर ओढून घेतात, मग एकेक जण पुढे येऊन मूठभर माती टाकतो, पहिल्या काही मुठींचा लाकडावर पडण्याचा आवाज येतो आणि नंतर मातीवर माती पडायला लागली की तो आवाज बंद होतो, घरातल्या बायका पदर तोंडाला लावून उभ्या असतात आणि त्या शांततेत पाळक वाचतात, की बंधुजनहो, जे झोपी गेले आहेत त्यांच्याविषयी तुम्ही अजाण असावं अशी आमची इच्छा नाही. प्रेषित पौलाने हे पत्र नेमकं अशाच लोकांना लिहिलं होतं. थेस्सलनीकाच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, काही जण वारले होते आणि मागे राहिलेल्यांना काळजी पडली होती की आपली माणसं प्रभूच्या येण्याला मुकली की काय. पौल म्हणतो नाही, ती मागे पडणार नाहीत, उलट तीच आधी उठतील, मग आपण जे जिवंत उरलो असू ते त्यांच्याबरोबर मेघांत घेतले जाऊ, प्रभूला सामोरे जाऊ आणि कायम त्याच्याजवळ राहू. आणि अध्यायाचा शेवट काय, तर या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. रडणाऱ्यांचे डोळे पुसायला लिहिलेला हा भाग आहे, आणि कोण उचललं जाईल नि कोण मागे राहील या धमकीसाठी आज तो सगळ्यात जास्त वापरला जातो. पौलाने तिथे मागे राहणाऱ्यांबद्दल जे सांगितलंय ते एवढंच, की मेलेले मागे राहणार नाहीत.

आणि त्याच वचनात आवाज किती आहेत बघा. प्रभू आज्ञाध्वनी करत उतरतो, आद्यदेवदूताची वाणी होते, देवाची तुतारी वाजते, कबरीतली माणसं उठून बसतात. अख्ख्या शास्त्रात यापेक्षा गाजावाजाचं वचन शोधून सापडायचं नाही, आणि याच वचनावर "गुप्त" येणं उभं केलंय. काही जण म्हणतात की ती तुतारी फक्त विश्वासणाऱ्यांनाच ऐकू येईल. असं कुठे लिहिलंय? त्या वचनात नाही, आजूबाजूला नाही, पत्रात कुठेच नाही. चार्ट वाचवायला ते वाक्य वरून जोडलेलं आहे.

सामोरं जाणं म्हणजे काय हे तर आपल्या लोकांना समजावून सांगायचीही गरज नाही. पालखी वेशीवर आली की गाव सामोरं जातं, तिला गावात आणायला जातं, पालखीबरोबर उठून दुसरीकडे निघून जायला नाही. पौलाच्या काळातही तसंच होतं, एखादा राजा किंवा मोठा अधिकारी शहराकडे यायला निघाला की नागरिक शहराबाहेर जाऊन त्याला घेऊन परत येत. प्रेषितांच्या कृत्यांत अठ्ठाविसाव्या अध्यायात पौल कैदी म्हणून रोमला निघालाय, ते कळल्यावर रोममधले बंधू अप्पियाची पेठ आणि तीन उतारशाळा इथपर्यंत त्याला सामोरे आले, त्यांना बघून पौलाला धीर आला, आणि मग सगळे मिळून रोमलाच आले. दहा कुमारींच्या दाखल्यातही मध्यरात्री हाक येते, वराला सामोऱ्या जा, आणि तयार असलेल्या कुमारी त्याच्याबरोबर लग्नाच्या घरात जातात. सामोरं गेलेली माणसं येणाऱ्याला अर्ध्या वाटेवरून परत फिरवत नाहीत. पण चार्टवर प्रभू ढगापर्यंत येतो, आपल्याला घेतो आणि सात वर्षांसाठी माघारी जातो. पौलाच्या वाक्यात तो उतरतोय, त्याने परत वर गेल्याचं पौल म्हणतच नाही.

दुसरं आवडतं वचन म्हणजे मत्तय चोवीस, दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल आणि एक ठेवली जाईल. माझ्या आजीने उभं आयुष्य जात्यावर दळलं. समोरासमोर बसून दोघींनी एकच खुंटा धरायचा, एकीने ओढायचं, दुसरीने पुढे ढकलायचं, मधूनमधून मूठभर दाणे टाकायचे. इतक्या जवळ बसलेल्या दोघींमधून एक जाते हे चित्र अंगावर येणारं आहेच. पण जाते कुठे? त्याच्या आधीचीच वचनं वाचा. नोहाच्या दिवसांत लोक खातपीत होते, लग्नं करत होते, आणि जलप्रलय येऊन सगळ्यांना घेऊन जाईपर्यंत त्यांना समजलं नाही, तसंच मनुष्याच्या पुत्राचं येणं होईल. म्हणजे नोहाच्या गोष्टीत घेऊन गेलेले कोण, तर बुडालेले. आणि राहिलेला कोण, तर नोहा आणि त्याचं घर. लूकच्या सतराव्या अध्यायात तर शिष्य सरळ विचारतात, प्रभू, कुठे? आणि येशू उत्तर देतो की जिथे मढं तिथे गिधाडं जमतील. हे काही स्वर्गाचं वर्णन नाही. या वचनाचा अर्थ लावण्यात विद्वानांमध्ये मतभेद आहेत हे मला माहीत आहे, काही चांगले अभ्यासक "घेतलेली" म्हणजे वाचलेली असंही मानतात, पण त्यांच्याही वाचनात हे सगळं मनुष्याच्या पुत्राच्या उघड येण्याच्या दिवशी घडतं. सात वर्षं आधी गुपचूप नाही. या अध्यायात तसा दिवसच नाही.

उलट याच अध्यायात येशूने क्रम सांगून ठेवलाय आणि तो इतका सरळ आहे की त्याला चार्ट लागत नाही. त्या दिवसांतल्या संकटानंतर लगेच सूर्य काळोखेल, मनुष्याच्या पुत्राचं चिन्ह आकाशात दिसेल, सगळी कुळं त्याला मेघांवर येताना बघतील, आणि तुतारीच्या मोठ्या नादाबरोबर त्याचे दूत निवडलेल्यांना चारी दिशांकडून जमा करतील. तुतारी आहे, मेघ आहेत, दूत आहेत, लोकांना जमा करणं आहे, म्हणजे पौलाने जे जे सांगितलं ते सगळं इथे आहे, आणि ते संकटानंतर आहे. यावर उत्तर देतात की मत्तयातले निवडलेले म्हणजे यहुदी, मंडळी नव्हे. पण येशू बोलत कोणाशी होता? जैतुनाच्या डोंगरावर बसून आपल्या शिष्यांशी, ज्यांच्या साक्षीवर मंडळी उभी राहिली त्यांच्याशी. आणि तो आतल्या खोल्यांत आहे असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, कारण वीज पूर्वेकडून निघून पश्चिमेपर्यंत चमकते तसं त्याचं येणं होईल, हेही त्याने त्याच दमात सांगितलंय.

थेस्सलनीकाकरांना पौलाचं दुसरं पत्रही गेलं, कारण तिथे कोणीतरी प्रभूचा दिवस आलाच असं सांगून लोकांना घाबरवलं होतं. पौल म्हणतो की प्रभूचं येणं आणि आपलं त्याच्याजवळ एकत्र जमणं याविषयी कोणाच्या बोलण्याने किंवा आमच्या नावावर आलेल्या पत्राने एकदम गडबडून जाऊ नका, आधी धर्मत्याग होईल आणि तो नाशाचा पुत्र, म्हणजे ख्रिस्तविरोधक, प्रकट होईल, त्याशिवाय तो दिवस यायचा नाही. आता समजा पौलाने गुप्त उचललं जाणं शिकवलं असतं तर त्याने काय लिहिलं असतं? किती सोपं उत्तर होतं, अरे तुम्ही अजून इथेच आहात ना, मग तो दिवस कसा आला, आधी तर आपण उचलले जाणार होतो. तो तसं म्हणत नाही. तुम्ही नाशाच्या पुत्राला बघाल, तेव्हा ओळखा, असं त्याच्या बोलण्याचं वळण आहे. मला विचाराल तर या एका अध्यायानंतर खरं म्हणजे वाद उरत नाही.

चोराचंही तेच. रात्री चोर येतो तसा प्रभूचा दिवस येतो, यावरून गुपचूप येणं सिद्ध करतात. पण पेत्राच्या दुसऱ्या पत्रात चोरासारखा येणारा तोच दिवस आकाश मोठ्या नादाने नाहीसं करतो. चोर म्हणजे न सांगता येणं, आणि तेही अंधारात असलेल्यांसाठी, कारण पौल लगेच पुढे म्हणतो, बंधूंनो तुम्ही अंधारात नाही, की त्या दिवसाने तुम्हाला चोरासारखं गाठावं.

मग ही शिकवण आली कुठून? पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या दिदाखे नावाच्या जुन्या ग्रंथाचा शेवटचा अध्याय वाचला तर तिथे आधी जगाला फसवणारा येतो, विश्वासणारे परीक्षेच्या आगीतून जातात, मग तुतारी, मेलेल्यांचं उठणं, आणि मग सगळं जग प्रभूला मेघांवर येताना बघतं. दुसऱ्या शतकातला बिशप आयरेनियसही मंडळी ख्रिस्तविरोधकाच्या छळातून जाणार असंच धरून चालतो. गुप्त येण्याच्या बाजूने चौथ्या शतकातल्या एफ्राइम या सिरियन धर्मगुरूच्या नावावर असलेल्या एका जुन्या प्रवचनाचा दाखला देतात, पण ते एफ्राइमचं आहे की नाही आणि कधीचं आहे यावरच वाद आहे, आणि एवढ्या मोठ्या शिकवणीला तेवढा आधार पुरत नाही. आज ज्या आकारात आपण ती ऐकतो तो आकार तिला जॉन नेल्सन डार्बी या माणसाने दिला. हा आयर्लंडच्या चर्चमधला पाळक, १८०० चा जन्म, १८२७ मध्ये घोड्याच्या अपघातात जखमी होऊन पडून होता तेव्हा शास्त्र वाचताना आपले विचार बदलले असं त्यानेच नंतर सांगितलं. १८३१ पासून आयर्लंडमध्ये लेडी पॉवर्सकोर्ट यांच्या वाड्यात भविष्यवाणीच्या अभ्यासाच्या परिषदा भरायच्या, तिथे हे विचार घोळले. इस्राएल वेगळं, मंडळी वेगळी, दोघांसाठी देवाच्या दोन वेगळ्या योजना, दानीएल संदेष्ट्याच्या सत्तर सप्तकांपैकी शेवटचं सप्तक, म्हणजे शेवटची सात वर्षं, तोडून जगाच्या शेवटी नेऊन ठेवायचं, आणि ते सुरू व्हायच्या आधी मंडळीला बाजूला काढायचं. आधी ही मांडणी, आणि त्या मांडणीत बसण्यासाठी गुप्त येणं. स्कॉटलंडमधल्या एका तरुणीच्या दर्शनातून हे सगळं आलं असाही आरोप करतात, तो वादग्रस्त आहे, मला त्याची गरज वाटत नाही.

डार्बीच्या स्वतःच्या गोटातच याला विरोध झाला हे मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही. डार्बी पुढे ज्या ब्रेद्रेन पंथाचा पुढारी झाला त्याच्या प्लिमथच्या मंडळीतले बेंजामिन न्यूटन, आणि ग्रीक नव्या कराराच्या हस्तलिखितांवर आयुष्य घालवलेले सॅम्युएल ट्रेगेल्स, दोघांनीही गुप्त येणं नाकारलं. तरी ते पसरलं, कारण डार्बीने १८६२ नंतर अमेरिकेच्या बऱ्याच फेऱ्या केल्या, आणि १९०९ मध्ये सायरस स्कोफिल्ड यांचं संदर्भ बायबल निघालं ज्यात पानाच्या वर वचन आणि खाली त्याच पानावर या मांडणीच्या टिपा. वचन कुठे संपलं आणि माणसाची टीप कुठे सुरू झाली हे साध्या वाचकाला कळेनासं झालं. त्यातून बायबल कॉलेजं, रेडिओ, मग टीव्ही, आता युट्यूब. मराठीत जे संदेश आपण ऐकतो त्यातले कितीतरी त्या टिपांचीच मुलं-नातवंडं आहेत, आणि सांगणाऱ्या भल्या माणसाला हे माहीतही नसतं, त्याला वाटतं मी पेत्र-पौलाचंच सांगतोय. एखादी शिकवण उशिरा आली म्हणून ती आपोआप खोटी ठरत नाही हे मला मान्य आहे. पण दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट "मूळ शिकवण" म्हणून सांगायची, आणि न मानणाऱ्याला अविश्वासी ठरवायचं, हे बरोबर नाही.

दुसऱ्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं असं आहे की देवाने आपल्याला क्रोधासाठी नेमलेलं नाही, मग तो आपल्या वधूला, म्हणजे मंडळीला, महासंकटातून कसा जाऊ देईल? हे म्हणणं प्रेमातून येतं, त्याला मी हलकं लेखत नाही. पण क्रोध आणि क्लेश एकच कधीपासून झाले? देवाचा क्रोध आपल्यावर नाही हे खरं, आणि जगात तुम्हाला क्लेश होतील हेही येशूचंच वाक्य. मिसरावर पीडा आल्या तेव्हा इस्राएल मिसरातच होतं, गोशेनात राखलेलं. दानीएलाच्या पुस्तकात राजाने जळत्या भट्टीत टाकलेल्या शद्रख, मेशख, अबेदनगो यांना भट्टीच्या आधी उचललं नाही, भट्टीत चौथा त्यांच्याबरोबर होता. आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूने आपल्या लोकांसाठी केलेली प्रार्थना योहानाच्या सतराव्या अध्यायात शब्दशः आहे, की तू त्यांना जगातून काढून घ्यावं अशी माझी विनंती नाही, त्यांना वाइटापासून राखावं अशी आहे. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात फिलदेल्फियाच्या मंडळीला परीक्षेच्या घटकेपासून राखण्याचं वचन दिलंय ते या प्रार्थनेच्या उजेडात वाचायला हवं. ज्या गोष्टीची विनंती प्रभूने मुद्दाम केली नाही तीच आपण आपली धन्य आशा म्हणून चार्टवर का लावतो?

आणि विश्वासणाऱ्यांना संकटातून जावं लागणार नाही हे आपण सांगतोय कोणाला? वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सियाला क्योटोत पकडून, कान कापून, भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारलं. त्याच्यासाठी महासंकट अजून यायचंच होतं का? फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर एकवीस जणांचे गळे चिरले, वीस इजिप्तचे कॉप्टिक मजूर आणि एक घानाचा, ओठांवर येशूचं नाव. २००८ मध्ये आपल्याच देशात कंधमालमध्ये घरं जळाली, माणसं मारली गेली, हजारो लोक जंगलात लपले आणि मग छावण्यांत राहिले. त्या छावणीत जाऊन कोणी चार्ट लावून सांगू शकेल का, की मंडळीला मोठ्या संकटाची झळ लागू देव देणार नाही? ही शिकवण सुखवस्तू देशांत रुजली आणि वाढली यात मला काही आश्चर्य वाटत नाही. प्रकटीकरण मात्र छळ सोसणाऱ्या मंडळ्यांना लिहिलेलं आहे आणि त्यात पुन्हा पुन्हा एकच मागणं आहे, पवित्र जनांनी धीर धरावा. शुभ्र झगे घातलेला तो मोठा समुदाय कोण, असा प्रश्न सातव्या अध्यायात येतो तेव्हा उत्तर मिळतं की मोठ्या संकटातून येतात ते हे.

मी संडे स्कूलला शिकवते, त्यामुळे या शिकवणीचा एक परिणाम मी फार जवळून बघते. आमच्या वर्गातली एक मुलगी, सहावीतली, शाळेतून घरी आली तर दार नुसतं लोटलेलं, गॅसवर कुकर, टीव्ही चालू आणि घरात कोणी नाही. आई शेजारी कढीपत्ता आणायला गेली होती. ती परत आली तेव्हा पोर दाराच्या कोपऱ्यात दप्तरासकट बसून थरथरत होती, आईला बघून मोठ्याने रडायला लागली आणि म्हणाली, मला वाटलं तुम्ही सगळे गेलात नि मी राहिले, कारण मी परवा खोटं बोलले होते. आदल्या आठवड्यात तिने एका अधिवेशनात रॅप्चरवरचा संदेश ऐकला होता. ज्या पोरीला येशूने मांडीवर घेऊन आशीर्वाद दिला असता तिला येशूच्या येण्याचीच धास्ती बसली. पहिली मंडळी "मारानाथा" म्हणायची, प्रभू ये, ती आनंदाची हाक होती. आमची मुलं मनातल्या मनात म्हणतात, प्रभू आत्ता येऊ नको, माझी पापक्षमा मागायची राहिलीय. मोठे विश्वासणारेही असेच झोपेतून दचकून उठतात, मी त्यांच्याशी बोललेय. भीतीने पुढे येऊन हात वर करणारे लोक मोजून सभा यशस्वी झाली म्हणतात, पण भीतीने आलेला माणूस भीती ओसरली की कुठे जातो हे नंतर कोणी बघत नाही.

मोठ्यांचं नुकसान तर पैशातही मोजता येतं. दक्षिण कोरियात ली जँग-रिम यांच्या दामी मिशनने २८ ऑक्टोबर १९९२ ची तारीख दिली, लोकांनी घरदार विकून पैसे मिशनला दिले, आणि त्या माणसाने स्वतः त्या तारखेनंतर मुदत भरणारे बाँड घेऊन ठेवले होते, तो फसवणुकीत तुरुंगात गेला. अमेरिकेत एडगर व्हिसेनंट यांनी १९८८ चा सप्टेंबर सांगितला, चुकला म्हणून पुन्हा १९८९ सांगितलं. हॅरल्ड कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितलं, हजारो होर्डिंग लागली, न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने आयुष्यभराची १ लाख ४० हजार डॉलरची बचत त्या जाहिरातींत घातली. कॅम्पिंग यांनी पुढच्या वर्षी तारीख सांगणं पाप होतं हे कबूल केलं, म्हणजे माणूस निदान कबूल तरी झाला. प्रत्येक वेळी म्हणतात की हे वेडे लोक होते, शिकवण चांगली आहे. पण प्रभू कुठल्याही क्षणी गुपचूप येईल आणि तुम्ही राहाल, असं एखाद्याला वर्षानुवर्षं सांगत राहिलात तर तो कधी ना कधी क्षण मोजायला लागणारच. त्याच थेस्सलनीकात काही लोक कामधंदा सोडून नुसते फिरत होते आणि पौलाने त्यांना लिहिलं की शांतपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा.

आणि एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझातल्या सेंट पॉर्फिरियस या पुरातन चर्चच्या आवारात आसरा घेतलेले ख्रिस्ती लोक हवाई हल्ल्यात इमारत कोसळून मेले, त्यात लहान मुलं होती. त्याच दिवसांत इस्राएलचं युद्ध म्हणजे शेवटाची निशाणी असं धरून आपल्या ग्रुपांवर "हल्लेलुया, घड्याळाचा काटा पुढे सरकला, रॅप्चर अगदी दाराशी" असे मेसेज फिरत होते. मेलेले आपल्याच विश्वासाचे होते, आणि दोन्हीकडचे जे कोणी मेले ते सगळेच देवाने घडवलेले. दुसऱ्याचं मरण आपल्या सुटकेची निशाणी म्हणून साजरं करायला लावणारी शिकवण येशूच्या तोंडची असूच शकत नाही. यरुशलेम बघून तो रडला होता.

लोक मला म्हणतात, एवढं कशाला ताणता, संकटाआधी येवो की नंतर, तयार राहिलं म्हणजे झालं. पण तयार राहणं म्हणजे काय हे शिकवणीवर ठरतं. मत्तय चोविसाव्याच्या शेवटी विश्वासू दास कोण, तर धनी येईल तेव्हा जो घरच्या लोकांना वेळेवर अन्न देताना सापडेल तो. पंडिता रमाबाई प्रभूच्या येण्याची वाट बघणाऱ्या बाई होत्या, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुलींना घेऊन आल्या, केडगावला विहिरी खणल्या, शाळा काढली, शेती लावली, मूळ भाषा शिकून अख्खं बायबल मराठीत केलं. मिरजेचा मिशन दवाखाना बांधणारेही प्रभू ये अशीच प्रार्थना करायचे. उद्या आपण इथून जाणारच आहोत असं धरून चालणाऱ्याला गावातल्या पाण्याचा, शाळेचा, नदीचा प्रश्न आपला वाटत नाही, आणि तरुण पोरं पास्टरला विचारतात की प्रभू येतोच आहे तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कशाला करू. हे मी कानांनी ऐकलंय.

आमच्या भागात थंडीत पुन्हा अधिवेशनं सुरू होतील. तिथे बोलणाऱ्या बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे. चार्ट लावायच्या आधी थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रं आणि मत्तय चोविसावा अध्याय सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा, टीप न देता. मग मला एक वचन दाखवा, फक्त एक, जिथे प्रभू आधी आपल्याला घेऊन परत जातो, मध्ये सात वर्षं जातात, आणि मग तो पुन्हा येतो. दोन वचनं जोडून नाही, सरळ लिहिलेलं एक. ते दाखवलंत तर मी त्याच सभेत उभी राहून मान्य करीन. आणि दाखवता येत नसेल तर मुलांच्या सभेत तरी हा संदेश देऊ नका.